शिवॉनच्या चटईवरच्या पुंगळ्या

दर शनिवारी नवऱ्याबरोबर रायफल क्लबला गेलं की किस्से आपोआप साठतात. ते वेचायला फक्त एक रिकामटेकडं माणूस लागतं. २०१७चं अख्खं वर्ष ते माणूस मी होते.

माझं असं आहे की टोस्टरमधून टोस्ट उडाला तरी मी दचकते. त्यामुळे मंदार मैदानावर चटईवर पालथा पडून नेम धरायचा आणि मी पार्किंगमध्ये काचा लावून बसायचे. शेजारच्या गाडीत पन्नाशीचे एक आयरिश गृहस्थ थर्मास घेऊन बसलेले असत. आम्ही एकमेकांना मान हलवायचो. म्हटलं, चला, हेही आवाजाला घाबरतात.

गाडीतून मैदान दिसायचं. म्हणजे क्लबातली नेमबाज शिवॉन दिसायची. तिची चटई मंदारच्या उजव्या हाताला. गोळी झाडून त्याने रायफलचा बोल्ट मागे ओढला की रिकामी पितळी पुंगळी उजवीकडे उडायची. क्लबात ती पुन्हा भरून वापरता येते, म्हणून कुणी टाकत नाही. शिवॉन त्या पुंगळ्या केसांतून, स्वेटरमधून काढून त्याच्या ओंजळीत घालायची. हसत! माझ्या ओंजळीत लग्नापासून फक्त त्याचे मोजे आलेत.

*

क्लबात पुंगळ्यांना ‘ब्रास’ म्हणतात. साताऱ्याहून सासरे आले होते, बांधकाम खात्यातून रिटायर झालेले. मंदार त्यांना कौतुकाने म्हणाला, "बाबा, शिवॉन माझा ब्रास गोळा करून देते."

"एकटी बाई? किती ब्रास?"

"होतात पन्नासेक."

सासऱ्यांनी कप खाली ठेवला आणि मला किचनमध्ये गाठलं. "सूनबाई, पन्नास ब्रास वाळू म्हणजे बंगला होतो. कुणाचा बांधतोय हा?"

वाळूचा काही संबंध नाही हे मला माहीत होतं. तरी रात्री मी मंदारच्या पुंगळ्या मोजल्याच.

*

एकदा शिवॉन गाडीपाशी येऊन म्हणाली, "युअर मॅन आज फॉर्मात आहे हं."

तुझा माणूस! स्वतःच्या तोंडाने कबूल केलं की. मी क्लोनडॉकिनला घरी पोचल्यावरही खुशीत होते. पुढच्या शनिवारी तिने गेटवरच्या वॉचमनलाही ‘युअर मॅन’ म्हटलं. इथले आयरिश लोक कुठल्याही बाप्याला तसंच म्हणतात.

*

मग पुंगळ्या अडवायला मी स्वतःच कांद्याच्या पिशवीची जाळी शिवून रायफलला बांधून दिली. पहिल्याच फटक्यात जाळी सुटली आणि पुंगळी शिवॉनच्या चहात पडली. ती इतकी हसली, की मंदारही हसला. इतकं हसण्यासारखं काय होतं?

*

शेवटी पुंगळ्या झेलायला काहीतरी घ्यावं म्हणून आम्ही दुकानात गेलो. मंदारला जमिनीवर अंथरायचं कापड आवडलं. ते शिवॉनच्या चटईपर्यंत पोचत होतं, म्हणून मी नको म्हटलं. स्टँडवरची जाळी मोठी होती, पण त्या दोघांच्या मधे उभी करायची म्हणजे दर शनिवारी तिची मदत लागणार. मी रायफललाच घट्ट आवळायची, चेनवाली पिशवी उचलली.

"एकही बाहेर जाणार नाही ना?" मी दुकानदाराला दोनदा विचारलं.

"तुम्हीही नेमबाजी करता का?"

"नाही. मी लक्ष ठेवते."

*

त्या शनिवारी शिवॉनच्या चटईवर एकही पुंगळी पडली नाही. मी गाडीत बसून बघत होते. तेवढ्यात काचेवर टकटक झाली आणि मी सीटवरून उडालेच. थर्मासवाले गृहस्थ होते. वर्षभरात पहिल्यांदा ते गाडीतून उतरले होते.

"ती पिशवी तुम्ही निवडलीत?"

मी होकारार्थी मान हलवली.

त्यांनी मैदानाकडे पाहिलं. "शिवॉन माझी बायको," ते म्हणाले, आणि थर्मासच्या झाकणात चहा ओतून माझ्यापुढे धरला. "ग्रँड पिशवी आहे."