मोठ्या पाळण्यांच्या मागचं तळं

वडिलांच्या कारखान्याची सहल दरवर्षी खडवलीच्या नदीवर जायची. बायका वांग्याचं भरीत आणि भाकऱ्या बांधून आणायच्या, पुरुष पाण्यात उतरायचे, पोरं काठावर दगड गोळा करायची. मी पाचवीत असताना मात्र कुणीतरी ठरवलं, की नदी आता पुरे झाली, या वर्षी घोडबंदर रोडच्या थीम पार्कला जायचं. डोंबिवलीहून शिळफाट्यामार्गे बस निघाली. माझा मोठा भाऊ वाटेत पूर्ण वेळ उभा होता. कुठल्या राइडवर किती वेळा बसायचं, हे त्याने वहीच्या पाठच्या पानावर लिहून आणलेलं.

पार्कात शिरल्या शिरल्या माझा दिवस संपला. मोठ्या पाळण्याच्या रांगेच्या तोंडाशी एक लाकडी विदूषक हात आडवा करून उभा होता. त्याच्या हाताला डोकं टेकलं तर आत, नाही तर बाहेर. मी दोन बोटं कमी पडले. टाचा उचलून पाहिल्या, तर तिथल्या माणसाने खांद्यावर हळूच हात ठेवून मला खाली दाबलं. दुसऱ्या राइडवर तेच, तिसऱ्यावर तेच. भाऊ वडिलांबरोबर पुढे गेला आणि मी रडत आईकडे परत आले.

आई एका गुलमोहराखाली सगळ्यांच्या पिशव्या सांभाळत बसलेली. सहलीत तिचं काम तेच असायचं. खडवलीलाही ती काठावर चपला आणि टॉवेल राखत बसायची, पाण्यात कधी पाय घालायची नाही. ‘वहिनी, जरा लक्ष ठेवा हं’ म्हणत लोक सामान टाकून जायचे आणि ती मान हलवायची.

इथे आईबद्दल थोडं सांगायला हवं. ती ठाण्याच्या खाडीकाठच्या एका कोळीवाड्यातली. वडील साताऱ्याकडचे. दोघं एकाच कारखान्यात होते, ती पॅकिंगला आणि ते मशीनवर. लग्न दोन्ही घरांच्या मनाविरुद्ध झालं. आमच्या आजीने तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की आता इथे इथल्यासारखं राहायचं. आई राहिली. तिची बोली आमच्यासारखी झाली, घरात सुकट शिजेनाशी झाली. नारळी पौर्णिमेला ती आम्हाला माहेरी न्यायची, पण वडील आम्हाला वेशीपर्यंत सोडून परत फिरायचे. त्या घरी आई काय करत होती, कशी वाढली, यातलं मला काहीच माहीत नव्हतं, आणि माहीत नाही हेही मला माहीत नव्हतं.

त्या दिवशी तासभर तिने माझी समजूत घातली. मग एकाएकी उठली, सगळ्या पिशव्या ओढत शेजारच्या वडापावच्या स्टॉलवर नेल्या आणि तिथल्या बाईला विचारलं, ताई, या ठेवता का आत? बाईने जागा करून दिली. आईने माझा हात धरला आणि आम्ही गर्दीच्या उलट दिशेला चालायला लागलो.

पार्काच्या त्या मागच्या अंगाला कुणीच येत नव्हतं. बाण दाखवणाऱ्या पाट्यांचा रंग उडालेला. पहिल्यांदा लागलं आरशांचं घर. आत दहा-बारा वाकडे आरसे, एक पंखा, आणि स्टुलावर पेपर वाचत बसलेला माणूस. एका आरशात मी विहिरीच्या रहाटासारखी गोल झाले. दुसऱ्यात आई इतकी उंच झाली, की तिचं डोकं चौकटीच्या बाहेर गेलं. ती तिथे उभी राहून हसली. तोंडावर हात न ठेवता, मोठ्याने. पेपरवाल्या माणसाने मान वर करून पाहिलं आणि तोही हसला. घरी मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं, म्हणून मी आरशाऐवजी तिच्याकडेच बघत राहिले.

मग छोटी आगगाडी. तीन डबे, पत्र्याचं इंजिन, बांबूच्या बेटातून जाणारा रूळ. आम्ही दोघीच प्रवासी. गाडी हाकणाऱ्या काकांनी विचारलं, अजून एक फेरी मारू का, आणि उत्तराची वाट न बघता मारली. वाटेत सिमेंटचं एक खेडं होतं. गुडघ्याएवढी घरं, बोटाएवढ्या बायका, त्यांच्या डोक्यावर चिमुकले हंडे. एका बाईचा हात तुटलेला, तरी हंडा डोक्यावर तसाच होता. मला ते खेडं इतकं आवडलं, की मी मोठ्या पाळण्याचं दुःख विसरून गेले.

तळं त्याच्याही मागे होतं. काठाला शेवाळ, मधे सिमेंटचा खोटा डोंगर आणि त्यावरून पडणारा खोटा धबधबा. दोन-तीन पायंडलच्या बोटी आणि दोन वल्ह्यांच्या जुन्या लाकडी होड्या बांधलेल्या. काठावर एक म्हातारासा नावाडी उभा होता. त्याच्या उजव्या हाताला जाड पट्टी बांधलेली, आणि तो तळ्याच्या पलीकडच्या टोकाकडे बघून कुणाला तरी धीर धरा, धीर धरा म्हणत होता.

पलीकडे धबधब्याखाली एक पायंडलची बोट अडकली होती. तिची चेन निसटलेली. बोटीत नवरा-बायको. बायकोच्या हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा, आणि धबधबा थेट तिच्या डोक्यावर पडत होता. नवरा पायाने जोर लावत होता, पण बोट नुसती जागच्या जागी फिरत होती. जरा निरखून पाहिलं तर ते आमच्याच सहलीतले निघाले, वडिलांच्या खात्यातला नवा मुलगा आणि त्याची महिन्याभरापूर्वी आलेली बायको.

नावाड्याने आईला सांगितलं, की ऑफिसात निरोप पाठवलाय, पण तिकडून माणूस यायला वेळ लागेल, आणि आपल्या या हाताने तर वल्हं धरवत नाही. आई थोडा वेळ बघत राहिली. ती मुलगी आता रडायच्या बेतात आली होती.

“वल्हं द्या इकडे,” आई म्हणाली.

नावाड्याला वाटलं ती थट्टा करतेय. तो म्हणाला, बाई, हे बायकांचं काम नाही, होडी उलटली तर माझ्या नोकरीवर येईल. आईने निऱ्या वर खोचल्या, पदर कमरेला आवळला आणि होडीच्या दोराची गाठ एका हिसक्यात सोडवली. ती गाठ सोडवण्याची रीत पाहून नावाडी थबकला. मग त्याने वेगळ्याच आवाजात विचारलं, “कनच्या गावची गो तू, बाय?”

आईने गावाचं नाव सांगितलं. आणि पुढे म्हणाली, “आमची होरी व्हती. बापासंगती जायाची मी.”

मी तिच्याकडे पाहिलं. होडीला ती होरी म्हणाली होती. हा आवाज, हे शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. नावाड्याने दोन्ही वल्ही तिच्या हातात दिली, आणि मला डाव्या हाताने आधार देत होडीच्या मागच्या टोकाला बसवलं.

ती कशी वल्हवत होती ते मला नीट सांगता येणार नाही. मला आठवतं ते एवढंच, की आवाज होत नव्हता. वल्हं पाण्यात जायचं, बाहेर यायचं, आणि होडी पुढे सरकलेली असायची. माझ्याकडे तोंड करून ती बसलेली, पण मधूनमधून मान वळवून मागे बघायची, डोंगर किती लांब आहे त्याचा अंदाज घ्यायची. धबधब्याशी पोचल्यावर तिने होडी आडवी फिरवली, नवऱ्याला आधी पायंडल सोडायला सांगितलं, मग दोर टाकून त्यांची बोट आपल्या होडीला बांधली. ‘हलू नका, बसून राहा,’ एवढंच म्हणाली. येताना तिला जोर लावावा लागत होता. गळ्याच्या शिरा ताणलेल्या दिसत होत्या. पण चेहरा शांत होता, कणीक मळताना असतो तसा.

काठावर आल्यावर नवी नवरी चिंब भिजलेली, ओशाळलेली. आईने आपल्या पदराने तिचं डोकं पुसलं. नावाड्याने आईला चहा पाजला, आणि दोघं बराच वेळ खाडीबद्दल बोलत बसले. बोय मासळी पूर्वी कुठे मिळायची, चिखलातल्या निवट्या आता दिसतात का, कुणाची होडी कुणी घेतली. मला अर्धं कळत होतं, अर्धं नाही.

परत येताना आईने बाकावर बसवून मला सांगितलं. तिला भाऊ नव्हता. तिची आई लवकर गेली. म्हणून नऊ वर्षांची असल्यापासून ती बापाबरोबर पहाटे जाळी बघायला जायची. बाप जाळं ओढायचा आणि ती होडी सांभाळायची, ओहोटीला चिखलात न रुतवता. पुढे खाडीचं पाणी बिघडत गेलं, मासळी कमी झाली, बापाचा खोकला वाढला. एके दिवशी होडी फोडून लाकूड विकलं, आणि दुसऱ्या महिन्यात ती कारखान्यात पॅकिंगला लागली. हे तिने साध्या आवाजात सांगितलं. शेवटी म्हणाली, “घरी बोलू नकोस हं यातलं.”

मी मान हलवली. आणि बसमध्ये बसल्यावर पाच मिनिटांत शब्द मोडला.

भाऊ आपण किती राइड केल्या ते मोजून सांगत होता, माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही असं सगळ्यांना वाटत होतं, ते मला सहन झालं नाही. मी मोठ्याने म्हणाले, की आईने होडी चालवली आणि दोन माणसांना वाचवलं. लोक हसले. वडीलही हसले, म्हणाले, पोरगी उन्हात फिरलीय. आई खिडकीबाहेर बघत होती. तेवढ्यात मागच्या सीटवरून ती नवी नवरी उभी राहिली. केस अजून ओले होते.

“खरंच आहे ते,” ती म्हणाली. “वहिनींनीच आणलं आम्हाला.”

एकदम सगळे बोलायला लागले, बायका आईच्या जवळ सरकल्या, कुणी विचारलं कुठे शिकलात. आई हो, नाही एवढंच म्हणत राहिली. स्टॉपवरून घरी चालत जाताना भाऊ पुढे होता आणि मी दोघांच्या मधे. तेव्हा वडील म्हणाले, “मला कधी सांगितलं नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलं नाहीत,” आई म्हणाली. रागाने नाही, नुसतं.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेला वडील वेशीवरून परत फिरले नाहीत. घरात आले, ओट्यावर अवघडून बसले, आणि आजोबांना त्यांनी होडीबद्दल विचारलं. आजोबा खोकत खोकत तासभर सांगत होते. घरी आमच्या आजीला हे कळल्यावर ती चार दिवस धुसफुसली. पण त्यानंतर महिन्यातून एकदा आमच्या घरात सुकट शिजू लागली, आणि वडील भाकरीबरोबर ती मागून घ्यायचे.

आता वडील नाहीत. आई सत्तरीला आली, गुडघे कुरकुरतात. मी कल्याणला राहते, आणि माझी मुलगी त्या लाकडी विदूषकाच्या हाताहून केव्हाच उंच झालीय. विदूषकही आता नाही, त्याच्या जागी भिंतीवर रंगवलेली पट्टी आहे. मुलगी मैत्रिणींबरोबर तिथे जाऊन आली आणि म्हणाली, मम्मा, सगळं बघून झालं, आता बोअर होतं. मी म्हटलं, तू मागचं बघितलंस का? तिला मागे काही आहे हेच ठाऊक नव्हतं.

मग आम्ही तिघी गेलो, शाळेला सुट्टी असलेल्या एका मंगळवारी. आरशांच्या घरातले निम्मे आरसे काळे पडलेत, पण उंच करणारा आरसा शाबूत आहे. आगगाडीला नवं इंजिन आलंय आणि त्यातून गाणी वाजतात. सिमेंटचं खेडं बांबूत जवळजवळ बुडालंय, डबा वळणावर आला की डावीकडे पटकन बघावं लागतं. मुलीने ते मोबाइलवर टिपलं आणि पुढच्या फेरीत पुन्हा टिपलं. तळ्यावर वल्ह्यांच्या होड्या राहिल्या नाहीत, सगळे हंसाच्या आकाराचे पायंडल. तिथे तिकीट देणाऱ्या मुलीने आईचे गुडघे बघून सांगितलं, की आजींना नाही जमणार. आई म्हणाली, मी नुसती बसेन. मी आणि मुलगी पायंडल मारत होतो, बोट भलतीकडेच जात होती, आणि आई मधे बसून सुकाणूचा दांडा थोडा इकडे, थोडा तिकडे करत होती. बोट धबधब्यापासून बरोबर हातभर अंतर ठेवून वळली. मुलीने विचारलं, आजी, तुला कसं कळलं? मग आईने तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते ऐकताना मला जाणवलं, की मला इतक्या वर्षांत तिने एवढं सविस्तर सांगितलेलं नाही, कारण मीही फारसं विचारलं नव्हतं.

त्यानंतर दर वर्षी आम्ही जातो. मोठ्या पाळण्यांकडे बघतसुद्धा नाही, थेट मागे.

गेल्या हिवाळ्यात गेलो तेव्हा तळ्याला पत्रे लावलेले. पाणी काढून टाकलं होतं, आतून मशीनचा आवाज येत होता. तिथल्या माणसाने सांगितलं, की इथे लाटांचा मोठा हौद होणार. मुलगी हिरमुसली. आईने पत्र्याच्या फटीतून आत बघितलं. चिखल होता, त्यात एक हंस कलंडलेला. ती बराच वेळ बघत होती. मग वळून तिने उजवीकडच्या एका पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर पोपटाचं चित्र होतं आणि खाली अर्धा पुसलेला बाण.

“हे आपण कधी बघितलंच नाही,” ती म्हणाली.

पायवाट चढाची होती. आई मुलीच्या खांद्यावर हात ठेवून हळूहळू चढली, मी मागून पिशवी घेऊन. वर जाळीचं मोठं घर होतं, आत दहा-पंधरा लव्हबर्ड्स आणि कोपऱ्यात एक मोर, पिसारा गळालेला. आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. आम्ही जेवणाची वेळ टळेपर्यंत तिथेच बसलो.