फेकून दिलेले बारा क्रम

मल्हार ढवळेचं वेळापत्रक एकमतानं मंजूर झालं. पण आपण ते अजून झालंच नाही असं धरून चालू. तूर्तास मल्हार शिक्षक-खोलीत टेबलावर डोकं टेकून पेंगतोय.

आठवी 'ब'चे पाच तास, पाच शिक्षक; क्रम एकशेवीस. त्यात संस्कृतचे उपाध्ये सर आणि मराठीच्या घाटगे बाई एकमेकांशी बोलत नाहीत. लागोपाठ तास आले की दोघं वर्गाच्या दारात समोरासमोर येतात. तसले अठ्ठेचाळीस क्रम त्यानं उडवले. उरले बहात्तर, आणि एकही कुणाच्या पसंतीस उतरत नाही. उद्यापर्यंत जमलं नाही, तर सबनीस बाईंचंच जुनं वेळापत्रक चालू राहणार.

सबनीस बाई दिवाळीत वारल्या. पण शुक्रवारचा शेवटचा तास अजून त्यांचाच आहे. त्यांच्या रिकाम्या खुर्चीसमोर आठवी 'ब' चिडीचूप बसते. मल्हारसमोर तीच आठवी 'ब' मांजराचे आवाज काढते. आयुष्यात तो पहिल्यांदाच एका खुर्चीवर जळतोय.

डोळा लागतो न लागतो तोच टेबलाचं एसटी स्टँड होतं. चौकशीच्या खिडकीत सबनीस बाई.

"ढवळ्या, शर्ट खोच."

"बाई, तुम्ही वारलात."

"म्हणून शर्ट बाहेर?"

"अजून सगळे तुमचंच नाव काढतात. मेल्यावर तरी पहिला नंबर सोडा की!"

"बारा चांगले क्रम फेकलेस. तिसऱ्या तासानंतर काय असतं?"

"मधली सुट्टी."

"मग तिसऱ्या-चौथ्याला दारात कोण कुणाला भेटतं? डबे खायला पळतात मेले."

खिडकीचा फळा झालाय. त्यावर चौऱ्याऐंशी लिहिलंय. एसटी फळ्यातूनच निघून जाते.

"पण कुठलाही क्रम लावला तरी सगळे भांडणारच, बाई!"

"पहिलं वेळापत्रक भांडायला लावायचं. दुसरं शिकवायला. ते आधीच पिशवीत तयार ठेवायचं."

"हे मला कधी सांगितलं नाहीत! मी तुमचाच विद्यार्थी ना?"

"विचारलंस कधी? जळण्यातून वेळ कुठे होता तुला?" बाई त्याचा कान पिळतात.

मल्हार जागा होतो. कान तापलाय. बोटं लावून बघतो, तर बोटांना खडूची पूड.

तो शर्ट खोचतो. एक भयानक वेळापत्रक फळ्यावर डकवतो, दुसरं पिशवीत टाकतो आणि अर्ज लिहायला घेतो:

'मा. मुख्याध्यापिका यांस, शुक्रवारचा शेवटचा तास कै. सबनीस बाईंकडेच कायम ठेवावा. मात्र यापुढे तो त्यांनी जातीनं हजर राहून घ्यावा, ही नम्र विनंती.'