बहिणीच्या शिवेत वेगळी चूल

निवृत्त झाल्यावर मला काय झालं, ते अजून नीट सांगता येत नाही. देहूरोडच्या डेपोत आयुष्यभर एका टेबलापाशी बसलो, तेव्हा कधी उठावंसं वाटलं नाही. बसायची सक्ती संपली आणि बसवेनासं झालं. चहा उभ्याने प्यायचो, वर्तमानपत्र गॅलरीत येरझाऱ्या घालत वाचायचो. बायको म्हणाली, "अहो, फरशी झिजवण्यापेक्षा बाहेर तरी पडू."

म्हणून मावळात भातकापणी उरकत आली होती, त्या दिवसांत आम्ही पुण्यातून पाच दिवसांसाठी एक मोटरहोम भाड्याने घेतलं. आत दोन माणसांपुरता पलंग, बेसिन, गॅसची शेगडी. दोन रात्री पवनेकाठी, दोन इंद्रायणीच्या उगमाकडे, पाचव्या दिवशी संध्याकाळी गाडी परत, असं ठरलं होतं.

पवनेच्या पाण्याकाठी बायकोने खुर्च्या मांडल्या. तिने विणकाम काढलं. मी पाण्यापर्यंत गेलो, आलो, पुन्हा गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणालो, "चल, निघू." लोणावळ्याच्या गर्दीतून वाट काढत, इंद्रायणी उगम पावते त्या कुरवंड्याकडे गेलो, तिथेही एकच रात्र काढवली. डोंगर सुंदर होते, हवा चांगली होती, आणि मला सारखं वाटत होतं की पुढे कुठेतरी कुणी खोळंबलं आहे.

"नदी पळते म्हणून आपणही पळायचं का?" बायको म्हणाली.

तिसऱ्या दिवशी जायला जागाच उरली नाही, तेव्हा मी कान्हे फाट्यावरून गाडी आंदर मावळात वळवली. तिथे माझी थोरली बहीण राहते. आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. वडगावला राहून शाळेत शिकत होतो, तेव्हा अक्का सासरच्या याच घरातून रोज पहाटे भाकरी करून दूधवाल्याच्या हाती माझा डबा पाठवायची. ती स्वतः चौथीनंतर शाळेत गेली नाही. आज जे काही आहे ते तिच्या हातचं आहे, हे मी कुणालाही सांगतो. तिला मात्र कधी सांगितलं नव्हतं.

आणि त्या दुपारी मी काय केलं? गावाखाली आंद्रा नदीच्या काठी गाडी लावली. मनात आलं, झोडणीचे दिवस आहेत, तिचे गुडघे दुखतात, जेवायच्या वेळी दोन माणसं कशाला घालायची तिच्या गळ्यात. बायको म्हणाली, "आधी वर जाऊन येऊ." मी म्हणालो, "खाऊन जाऊ, म्हणजे तिला त्रास नको." शेगडी पेटवली, पिठलं-भात केला. धुणं धूत असलेल्या दोन बायका आमच्याकडे बघत होत्या. मी त्यांना हातही केला.

चार वाजता वर गेलो, तोवर बातमी पोहोचली होती. अक्का खळ्यावरून उठली, घरातून प्लॅस्टिकची खुर्ची आणून माझ्यासमोर ठेवली.

"बसा पाव्हणं."

मला वाटलं, थट्टा करते आहे. भाच्याने मान खाली घातली, तेव्हा उमगलं. आमच्याकडे भाऊ-भाऊ वेगळे निघाले की चूल वेगळी झाली असं म्हणतात. तिच्या शिवेत येऊन, तिच्या घराचा धूर दिसत असताना, मी माझी चूल पेटवली होती. गॅसची असली म्हणून काय झालं.

"अक्का, तुला त्रास नको म्हणून..."

"लय इचार केलासा पाव्हणं. नद्या बघाया आलासा न्हवं? बगा की."

शेजारचे आबा कुंपणाशी उभे होते. "साहेब, गाडीत संडास बी हाय म्हनं? मग गावात यायचं कामच काय पडलं?"

संध्याकाळी तिने जेवायला वाढलं. सगळे जमिनीवर पंगतीत, आणि मला पाट. "अजून वाढू का पाव्हणं?" म्हणत ती दोनदा आली. बायकोशी मात्र नेहमीसारखी बोलत होती. "वैनी, तुमाला ठावं हुतं, तुमी तरी त्येस्नी आडवायचं." बायको म्हणाली, "वन्सं, माझं ऐकतात कुठे?"

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. त्या पाटावर बसणं अशक्य झालं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बायकोला म्हणालो, "चल, संक्रांतीला येऊन समजूत घालू."

"तुम्ही जा," ती म्हणाली. "वन्सं तुमच्याशी नीट बोलेपर्यंत मी त्या गाडीत बसत नाही."

मग मी खळ्यावर गेलो. चप्पल काढली, पेंढी उचलली आणि सगळ्यांबरोबर फळीवर आपटू लागलो. कुणी बोलावलं नाही, कुणी हाकललंही नाही. दिवसभर झोडलं. तळहाताला फोड आले. अक्काने पाण्याचा तांब्या सुनेकरवी पाठवला: "पाव्हण्यास्नी दे." रात्री आम्ही तिच्या पडवीत झोपलो. मी तीनदा उठून अंगणात आलो, तीनदा परत आडवा झालो.

पाचव्या दिवशी पुन्हा खळं. दुपार कलली होती. माझी पेंढी हातात सैल झाली आणि अर्धे दाणे फळीपलीकडे मातीत उडाले.

"आरं मुडद्या, मूठ आवळ की! दाणं चिमण्यास्नी टाकतूस व्हय?"

खळ्यावर सगळे थांबले. अक्का गुडघे धरत आली, माझ्या हातातली पेंढी ओढून घेतली आणि बुडखा कसा आवळायचा ते दाखवलं. "कालिजात गेलास, पर येवडं बी न्हाई शिकलास."

"तू कधी शिकवलंस?"

"तुला खळ्यावर येऊ दिलं तर शिकवनार," ती म्हणाली. "झोडणीला आलास की हाकलायची मी तुला. अब्यास कर म्हनून."

मला ते आठवत होतं, पण मी ते नेहमी माझं नशीब म्हणून आठवत आलो होतो. तिने मला इथून मुद्दाम दूर ठेवलं होतं. आणि मी त्या दूरपणाची इतकी सवय करून घेतली, की तिच्या दारी येऊनही दूरच थांबलो. "चुकलं अक्का," मी म्हणालो.

"चुकलंच. धर नीट."

गाडी परत द्यायची वेळ होत आली होती. माझा फोन पडवीत वाजत होता. बायकोने उचलला. शाळेत शिकवून कमावलेला तिचा स्पष्ट आवाज खळ्यापर्यंत आला: "गाडी उद्या येईल. नाही, बिघडली नाही. ते कामात आहेत."

अक्काने पुढची पेंढी माझ्याकडे सरकवली.