मोटार बंद असताना थरथरलेली काच

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी. आजही तशीच आहे... पण हे माझ्या डोळ्यांसमोर, भर दुपारी घडलं, म्हणून लिहितेय.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. अंधेरी पूर्वेला, एमआयडीसीतल्या एका गाळ्यात मी टेस्टिंगला होते. आम्ही यॉटच्या – श्रीमंतांच्या सहलीच्या बोटींच्या – खिडक्या करायचो. इंजिन सुरू झालं की केबिनच्या काचा गुणगुणतात, खडखडतात. दोन काचांमध्ये मऊ प्लास्टिकचा थर आणि कडेला रबर देऊन आम्ही ती थरथर कमी करायचो. मग काच टेबलावर आडवी बसवायची, मोटारीने टेबल हलवायचं आणि काचेवर कॅरमची पावडर भुरभुरायची. पावडर नाचली की काच नापास.

आमचे फिटर तावडेकाका मालवणकडचे. त्यांचा धाकटा भाऊ सदा अशाच एका बोटीवर खलाशी होता. बोट दुरुस्तीसाठी भाऊच्या धक्क्याजवळच्या एका शेडमध्ये होती. केबिनची काच फार वाजते म्हणून त्यानेच ती दोन दिवसांपूर्वी आमच्याकडे आणून दिली होती. बोटीवर तिच्या जागी प्लायवूड ठोकलं होतं.

त्या दिवशी टेबलावर तीच काच होती. साडेतीनला चहासाठी मोटार बंद केली. मी कप घेऊन वळले, तर पावडर हलत होती. तीनदा उडाली. थांबली. पुन्हा तीनदा.

विमान असेल म्हणून बाहेर जाऊन पाहिलं. आकाश रिकामं. शेजारच्या गाळ्यातला प्रेस थांबवायला लावला. त्यांनी कुरकुरत थांबवला. तरी तेच. मोटारीचा पट्टा काढला, मेन स्विच पाडला. बाजूला दुसरी काच तशीच बसवलेली होती, तिच्यावरचा कणही हलत नव्हता. मी हात टेकवला तेव्हा पंजाखाली स्पष्ट धक्के लागले... दार ठोठावावं तसे. तरी मी काकांना म्हणत होते, जमिनीतून येत असणार, पाइपलाइन असेल.

काका काचेकडे बघत होते, ते तसेच ऑफिसात फोनकडे गेले. लाइन मिळेना, ते डायल फिरवतच होते. इकडे मी टेबलाच्या पायांखाली रबराचे तुकडे सारत होते. धक्के हळू होत गेले. तीनाचे दोन झाले. मग एकच. चारच्या सुमारास पावडर थांबली, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

काका परत आले ते शेडवरची खबर घेऊन. सदा केबिनला रंग लावायला उतरला होता. मागे दार अडकलं. थिनरचा वास कोंडला. खिडकीवरच्या प्लायवर तो मुठी मारत होता, पण शेडमध्ये ग्राइंडर चालू, कोणाला ऐकू जाणार? काकांचा फोन शेडवर लागला म्हणून लोक बघायला गेले. दार तोडलं तेव्हा तो बेशुद्ध होता.

वाचला तो. आठवड्याने घरी आला. किती वेळ ठोकत होतास, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही.

त्या काचेवर मी नंतर महिनाभर प्रयोग केले. प्रेस, ट्रक, विमानं, सगळं पडताळलं. मोटार बंद असताना ती पुन्हा कधी हलली नाही. अंधेरीतली काच आणि धक्क्यावरचं प्लायवूड यांच्यात काय होतं, हे मला आजही सांगता येत नाही. त्याहून जास्त छळतो तो अर्धा तास.

काकांना एकदा विचारलं, तुम्हाला कसं कळलं?

"माका काय कळाक नाय गो," ते म्हणाले. "तू कारण शोधी होतंस. माका माझो धाकटो भाव आठवलो."