मंगळवारी बंद

जगात मुलं वाढवायच्या दोनच पद्धती आहेत. एक पुस्तकातली; ती दिसायला फार छान असते आणि चालत नाही. दुसरी आमच्या वरच्या मामांची. ती हमखास चालते, पण चारचौघांत सांगायची सोय नाही. कारण वरचे मामा म्हणजे म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात उभी हयात प्राण्यांची देखभाल करून निवृत्त झालेले गृहस्थ. माणसाचं पिल्लू हेही शेवटी एक पिल्लूच, त्याचं एवढं काय कौतुक, असं त्यांचं ठाम मत आहे.

वरचे म्हणजे आमच्या डोक्यावर राहणारे. बोगादीतलं हे घर त्यांचंच, खाली आम्ही भाडेकरू. कराडहून सामानाचा ट्रक घेऊन आलो त्या दिवशी साडेतीन वर्षांची आमची ओवी फाटकातच आडवी पडली होती. 'मला हे घर नको' हे एकच वाक्य ती अख्ख्या बोगादीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणत होती. मी गोड बोलून पाहिलं, नवऱ्यानं डोळे वटारून पाहिले, हमालांनीसुद्धा कन्नडमधून समजूत घातली. तेवढ्यात जिन्यावरून एक उंच, वाळके, पांढऱ्या झुबकेदार मिशीचे गृहस्थ उतरले. ओवीकडे ढुंकूनही न बघता ते तिच्यापासून चार हातांवर पायरीवर बसले, तेही तिरके, आणि खिशातून एक वेलची केळं काढून सावकाश सोलायला लागले. मी तोंड उघडणार तर त्यांनी हात वर केला. ''बेड, बेड. सुम्ने राहा. डोळ्यांत बघू नका. डोळ्यांत बघितलं की त्यांना वाटतं, हा भांडायला आला.'' दोन मिनिटांत भोंगा बंद. तिसऱ्या मिनिटाला ओवी त्यांच्या शेजारी, हातात अर्धं केळं. मी कौतुकानं म्हटलं, ''तुम्हाला नातवंडं असणार.'' ''नाही,'' मामा म्हणाले, ''माकडं होती. मग अस्वलं आली.''

मामा मराठीच. पूर्वज रंगारी, कधी काळी लुगडी रंगवायला म्हैसुरात आले आणि इथलेच झाले. त्यांच्या मराठीत दर चौथा शब्द कन्नड असतो. 'सुम्ने' म्हणजे उगी किंवा उगाच, 'बेड' म्हणजे नको, 'स्वल्प' म्हणजे थोडं, आणि वाक्याच्या शेवटी 'अल्वा?' आलं की आपण मान हलवायची. मला ते मगळे म्हणतात, म्हणजे लेकी. पहिले काही महिने मी मान हलवूनच काढले आणि त्याचे परिणाम भोगले.

पहिला परिणाम म्हणजे जेवण. आमचा धाकटा मल्हार म्हणजे एका घासाला पाऊण तास. ''अहो, खाताना कुणी टक लावून बघितलं तर वाघसुद्धा खात नाही,'' मामा म्हणाले. ''प्रेक्षक हलवा, अल्वा?'' मी मान हलवली. त्या दिवसापासून मल्हारपुढे ताटली ठेवायची आणि घरातल्या सगळ्यांनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई आल्या. नातवाला मांडीवर घेऊन चिऊ-काऊचे घास भरवायला आलेली ती माऊली, हातात वरण-भाताची वाटी घेऊन कॅलेंडरकडे बघत उभी! ''अगं, हे काय घर आहे का वेड्यांचा बाजार?'' त्या भिंतीला विचारत होत्या. पण मागून चमच्याचा आवाज येत होता. सासूबाईंनी चोरून वळून बघितलं तर ताटली चाटूनपुसून स्वच्छ, आणि मल्हार त्यांच्या पदराला तोंड पुसत होता. कराडला परत जाताना त्या मामांसाठी चटणीची बरणी ठेवून गेल्या.

दुसरा परिणाम याहून वाईट. मामांच्या मते प्राण्याला आयतं ताट मिळालं की तो कंटाळतो, आणि कंटाळला की पिंजरा मोडतो. म्हणून खाणं लपवून ठेवायचं, त्यानं हुंगत हुंगत शोधायचं. मी 'हो हो' म्हणाले आणि विसरले. मामा विसरले नाहीत. मी संध्याकाळी भाजी आणायला जाई तेवढ्या वेळात घरभर गाजराचे तुकडे, शेंगदाण्याचे लाडू, इडलीचे चतकोर पेरले जाऊ लागले. मुलं खूश. रांगत, हुंगत, सोफ्याखाली शिरत त्यांनी आयुष्यात खाल्ल्या नव्हत्या तेवढ्या भाज्या खाल्ल्या. पण पोरांच्या हातून थोडंफार सुटायचंच. ऑफिसच्या मीटिंगसाठी मी लॅपटॉपची पिशवी उघडली तर आतून बीट निघालं. नवऱ्यानं हेल्मेट घातलं आणि कानाजवळ काहीतरी मऊ लागलं म्हणून रस्त्यात गाडी थांबवली. ती इडली होती, तीही परवाची. मी तावातावानं वर गेले. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''हेल्मेटमध्ये कुणी शोधलं नाही? अय्यो, मग पोरं अजून तयार नाहीत.''

मामांची एक वही होती. झूमध्ये रोज प्रत्येक प्राण्याची नोंद ठेवायचे, तशी आता आमच्या पोरांची. भाषा मराठी पण अक्षरं कन्नड, त्यामुळे मला ती वाचता यायची नाही. रोज सकाळी मामाच जिन्यात उभे राहून आदल्या दिवसाचं वाचून दाखवत. ''ओवी: तरतरीत. भावाला एकदा चावली. कारण योग्य होतं. मल्हार: पोट साफ. दुपारी कुंडीतली माती खाल्ली, माती चांगली होती.'' असं सगळं. आता मला सांगा, कुठल्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात आईला हवी ती माहिती इतकी नेमकी मिळते?

फक्त त्या वहीत एकही मंगळवार नव्हता. सोमवारनंतर थेट बुधवार. झूला मंगळवारी सुट्टी, म्हणून मामांनाही. निवृत्त होऊन वर्षं लोटली तरी दर मंगळवारी त्यांच्या दारावर एक पत्र्याची पाटी लागायची: मंगळवारी बंद. ती कन्नडमध्ये होती, पण अर्थ मल्हारलासुद्धा कळायचा. त्या दिवशी मुलं जिन्याच्या तळाशी उभी राहून वर बघत बसायची. मला वाटे, म्हाताऱ्याचा विक्षिप्तपणा, दुसरं काय. खरं कारण कळलं ते दसऱ्यात.

म्हैसुरात नवरात्रात घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात. गल्लीतली पोरं संध्याकाळी दारोदार 'बाहुल्या मांडल्यात का?' विचारत फिरतात, बाहुल्या बघतात आणि खाऊ घेऊन पळतात. मामांकडच्या खालच्या पायऱ्या म्हणजे सगळं झूच असायचं. वाघ आणि हरणं यांच्यामध्ये खंदक, त्यात खरं पाणी, आणि माकडांच्या पायरीवर 'खायला देऊ नये'. पण सगळ्यात वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणीची जोडी. ही जोडी इथे लग्नात लेकीला माहेराहून देतात. मामींनी ती आणलेली. मामी जाऊन सहा वर्षं झाली होती. राणीला साडी मामा स्वतः नेसवायचे. चष्मा नाकाच्या टोकावर, जीभ दातांत, आणि वीतभर साडीच्या निऱ्या काही केल्या जमायच्या नाहीत. ''हत्ती, वाघ, काय पाहिजे त्याला हात लावा,'' ते मुलांना म्हणाले, ''वर तेवढं बेड. ती हिची आहेत.'' मग निऱ्या सोडून पुन्हा घालता घालता मला म्हणाले, ''ती म्हणायची, सहा दिवस तुम्ही अस्वलांचे, मंगळवारी माझे. अजून तिचाच ठेवलाय तो वार.'' मी राणीचा पदर धरून उभी राहिले.

विजयादशमी गुरुवारी आली. संध्याकाळी मामांनी आरती केली, फुलं वाहिली आणि इथल्या रीतीप्रमाणे राजाला पायरीवर आडवं निजवलं. झालं, दसरा संपला. सकाळी सगळ्यांना कापडात गुंडाळून पेटीत ठेवायचं. मग ते शेजारी सोनं द्यायला गेले, मी खाली पुऱ्या तळायला आले, आणि मुलं वरच राहिली. इथेच माझं चुकलं. कारण महिन्याभरापूर्वीच आम्ही गणपतीला कराडला गेलो होतो, आणि हल्ली घरोघरी बादलीतच विसर्जन करतात तसं आमच्याकडेही झालं होतं. बाप्पाला बादलीत सोडण्याचा मान ओवीचा होता. आता आरती झाली, फुलं वाहिली, आणि हा राजा आडवा पडलाय. पुढे काय करायचं असतं हे मामा विसरले, यात तिला शंकाच उरली नाही. भाऊ-बहिणीनं मिळून राजाला खाली आमच्याकडे आणलं. न्हाणीघरात बादली तयारच होती. तिच्यात साबणाच्या पाण्यात नवऱ्याची जीन्स भिजत होती.

'मोरया' ऐकू आलं तेव्हा मी पुरी उलटत होते. गणपती होऊन महिना झाला आणि आता कसला मोरया, हे डोक्यात शिरेपर्यंत पुरी करपली. मी पोचले तेव्हा मल्हार टाळ्या पिटत होता, पाणी लालभडक झालं होतं, आणि मागून मामा दारात उभे होते. ओवीनं दोन्ही हातांनी राजा वर काढून दाखवला. डोळे नाहीत, मिशी नाही, नाक तेवढं उरलेलं. ''मामा, तू बादली विसरला होतास,'' ती म्हणाली. ''मी त्याला सांगितलं, पुढच्या वर्षी लवकर ये.''

मामा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी राजा घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि वर निघून गेले. दुसऱ्या दिवशी शुक्रवार, आणि दारावर पाटी: मंगळवारी बंद. शनिवारी तीच. रविवारी मी पुरणपोळी घेऊन गेले, दार वाजवलं. आतून ''सुम्ने ठेव, मगळे'' एवढंच आलं, आणि संध्याकाळी ताट तिथंच तसंच होतं. मला इतकं अपराधी वाटत होतं की काय सांगू. नवरा म्हणाला, नवी जोडी आणून देऊ. मी म्हटलं, मामीसुद्धा आणणार आहेस का नवी? मग स्वतःच रडले. ओवीला समोर बसवून सांगितलं की तो बाप्पा नव्हता, तो मामींचा राजा होता, त्याला पाण्यात सोडायचं नव्हतं. ''मग आरती का केली?'' ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं हळूच विचारलं, ''मामा आता कध्धीच उघडणार नाही?''

मंगळवार आला. मी सकाळची मीटिंग संपवून उठले तर घरात आवाज नाही. धावत जिन्यात आले. वर, मामांच्या बंद दाराबाहेर ओवी बसली होती. दाराकडे तोंड नाही, पाठही नाही, तिरकी. हातात वेलची केळं, ते ती सावकाश सोलत होती. दोन पायऱ्या खाली मल्हार दोन्ही हातांनी स्वतःचे डोळे गच्च झाकून बसलेला. मी हाक मारणार तेवढ्यात ओवीनं हात वर केला. ''बेड, बेड,'' ती कुजबुजली. ''सुम्ने राहा. डोळ्यांत बघू नको.''

मी काय करणार? भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. सासूबाईंची फार आठवण आली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग कडी वाजली. दार करकरलं. कुणीतरी उंबऱ्यावर बसल्यासारखं वाटलं. ओवी म्हणाली, ''मामा, तू खा. आम्ही कुणी बघत नाही.'' आणि मग, देवाशप्पथ सांगते, मला केळं खाल्ल्याचा आवाज आला.

मी वळले तेव्हा मामांची दाढी वाढलेली होती आणि बोटं काळ्या रंगानं माखलेली. आत टेबलावर राजा उभा, चेहरा नव्यानं रंगवलेला, डोळेसुद्धा छान. मिशीची जागा तेवढी खरवडून खरवडून पांढरी झालेली. ''ही दर वर्षी त्याचा चेहरा ताजा करायची,'' मामा म्हणाले. ''मिशी माझ्यासारखी काढायची. मला समोर बसवायची आणि बघून काढायची. रंगाऱ्याच्या घरात येऊन पोरांचे पाण्याचे रंग वापरायची, मी ओरडायचो, ऐकली नाही. माझीच मिशी, मगळे, आणि मला येईना. पाच दिवस आरशापुढं बसलो.''

''मग तू बस ना समोर,'' ओवी म्हणाली. ''हलू नको हं.''

मामा बसले. वाघाला दूध पाजलेला, अस्वलाच्या कानात औषध घातलेला तो माणूस पाच वर्षांच्या पोरीपुढे श्वास रोखून बसला होता. ओवी दर दोन फराट्यांनी त्यांची हनुवटी धरून सरळ करायची. राजाची मिशी एका बाजूला वर गेली आणि दुसऱ्या बाजूला कानापर्यंत. हेल्मेटमध्ये इडली सापडावी तसा त्याचा चेहरा झाला. मामांनी तो हातात घेऊन पुष्कळ वेळ बघितला आणि राणीशेजारी नेऊन ठेवला. ''आयतु,'' म्हणाले. झालं.

त्यानंतर दोन दसरे गेले, तीच मिशी आहे. ती पुसून सारखी काढू म्हटलं तर मामा मलाच जिन्यावरून खाली पाठवतात. मंगळवारची पाटीही लागते अजून. पण मिशी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी मामा नेहमीसारखे वही घेऊन जिन्यात उभे राहिले आणि वाचू लागले तेव्हा मी पोळपाट सोडून बाहेर आले, कारण सुरुवातच वेगळी होती. ''मंगळवार,'' त्यांनी वाचलं. ''ओवी: दारात बसली. डोळ्यांत बघितली नाही. मल्हार: शांत. राजा: मिशी आली.'' एवढं वाचून त्यांनी वही मिटली. मला वाटलं संपलं. चार पायऱ्या चढून गेले, थांबले, वही पुन्हा उघडली आणि माझ्याकडे न बघता, तिरकेच उभे राहून शेवटची ओळ वाचली.

''मी: केळं खाल्लं.''