प्रज्ञाच्या पॅनलचा स्क्रू

ईरा, निहार,

परवा व्हिडिओ कॉलवर निहारने विचारलं, "आजी, तू गॅरेजमध्ये बिलं लिहायचीस ना?" हे तुमच्या बाबांनी सांगितलेलं दिसतं. बिलं लिहायला काउंटरवर दुसरे गृहस्थ होते. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, अमरावतीतल्या एका मोटरसायकल सर्व्हिस सेंटरची वर्क्स मॅनेजर होते. हा गैरसमज पुढे चालू नये म्हणून एका स्क्रूची हकीकत लिहून ठेवते आहे. निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षीची आहे.

त्या दिवशी सकाळी केबिनमधून बाहेर आले, तर आमचे हेड मेकॅनिक उस्मानभाई हातात छिन्नी घेऊन एका जुन्या मोटरसायकलपाशी बसले होते. त्यांच्या आणि गाडीच्या मध्ये एक तरुण मुलगी उभी होती.

"पॅनल तोडू देणार नाही म्हणजे नाही."

"मंग गाडी ढकलत घेऊन जा, ताई. मले का हौस आली तोडाची?"

मुलीचं नाव प्रज्ञा. तिवस्याची. तिवस्याच्या रस्त्यावरच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी आणि रुई वेगळी करतात त्या कारखान्यात, ती कापसाची प्रत तपासायची. गाडी दिवसभर तिथल्या आवारात उभी असे. तिथे हवेत रुईचा भुगा उडतो. इंजिन ज्या जाळीतून हवा ओढतं तिला एअर फिल्टर म्हणतात. तो रुईने कोंदला होता आणि गाडी दर मैलाला बंद पडत होती.

काम पाच मिनिटांचं. पण फिल्टर उजव्या साइड पॅनलच्या मागे असतो. हे पॅनल म्हणजे ताटाएवढं प्लास्टिकचं झाकण. ते दोन रबरी खोबणींत बसतं आणि एका स्क्रूने आवळलेलं असतं. तो स्क्रू जागचा हलत नव्हता. त्याच्या डोक्यावरची अधिक चिन्हाची खाच झिजून गुळगुळीत वाटी झाली होती.

तोडू का द्यायचं नाही, ते मी वाकून पाहिल्यावर कळलं. निळ्या पॅनलवर पांढऱ्या, सोनेरी कडेच्या अक्षरांत ब्रशने लिहिलं होतं: 'कु. प्रज्ञा, बी.एस्सी.'

"बाबा पेंटर होते," प्रज्ञा म्हणाली. "माझा रिझल्ट लागला त्या दिवशी आपली गाडी मले देऊन टाकली अन् रात्रीतून हे लिहिलं. तिवस्यातल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांच्याच होत्या. फ्लेक्स आले, पाट्या उतरल्या. गेल्या वर्षी बाबाही गेले. त्यांच्या हातचं एवढंच आहे."

स्क्रूभोवती मला पांढरे, काचेसारखे कण दिसले. "हे काय आहे?"

ती जमिनीकडे बघत म्हणाली, "मीच लावलं, मॅडम. रस्त्यानं पॅनल खडखड करे. कुठं पडून गेलं तर, म्हणून स्क्रूवर झटपट गोंद टाकला. वरतून खायचा सोडा."

उस्मानभाईंनी छिन्नी खाली ठेवली. "अवो ताई, सिमेंटच केलं ना तुमी!"

आपल्याकडे हा इलाज घरोघर आहे. तुटकी बादली, चप्पल, फवारणीच्या पंपाचं झाकण, सगळ्याला गोंद आणि सोडा. दोन्ही मिळून क्षणात दगड होतो. स्क्रूच्या आट्यांत तो उतरला होता.

थिनरने गोंद सुटतो, पण रंगही सुटतो. ज्योत लावली तर प्लास्टिक वितळतं. ड्रिल मारलं आणि टोक घसरलं, तर 'प्र' दोन बोटांवर होता.

तेवढ्यात मालक आले. "मॅडम, काय करून राहिल्या? बाहेर गाड्यांची लाइन लागली. नागपूरवरून दुसरं पॅनल मागवा अन् मोकळ्या व्हा."

"पॅनल येईल. त्यावरचं नाव कोण लिहिणार?"

"स्टिकर लावून देऊ."

प्रज्ञा पॅनलवर तळहात ठेवून उभी राहिली.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत वेळ द्या," मी म्हटलं.

"नाही निघाला तं?"

"तर छिन्नी मी मारीन."

हे प्रज्ञाने ऐकलं. बोलून गेल्यावर माझं मलाच जड झालं.

मी स्टूल ओढून बसले. सकाळपासून सगळे स्क्रूच्या डोक्याशी झगडत होते. स्क्रूला शेपूटही असतं. सीट काढली, टॉर्च मारला. फ्रेमच्या पट्टीतून आरपार येऊन नखभर टोक मागे निघालं होतं. गोंदाला ऊब सोसत नाही. फक्त टोक तापवलं तर उष्णता आट्यांत जाईल, पॅनलपर्यंत कमी पोचेल.

पेट्रोलची टाकी उतरवून आवाराबाहेर ठेवली. चिमट्याने टोकाभोवतीची रुई वेचली, कारण ती भुरकन पेटते. वायरी जोडायचा सोल्डरिंग आयर्न तापवला. पॅनलवर ओलं फडकं ठेवून प्रज्ञाला म्हटलं, "हात इथे ठेव. ऊन लागलं की सांग."

"लागलं, मॅडम."

आयर्न उचलला. थांबले. पुन्हा टेकवला. तिसऱ्या खेपेला डोळ्यांना झोंबणारा वास आला. गोंद सैल पडत होता.

"उस्मानभाई, धरा."

त्यांनी लॉकिंग प्लायरने शेपूट पकडलं आणि सवयीने डावीकडे पिळायला घेतलं. मी त्यांचं मनगट धरलं. "उजवीकडे."

"तीस साल झाले स्क्रू खोलून राहिलो, मॅडम. आता मले शिकवता का?"

"भिंतीवरचं घड्याळ भिंतीच्या मागून पाहिलं, तर काटे कुणीकडे फिरतील?"

त्यांनी हवेत बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मग मोठ्याने हसले. "च्या मायला! आवळतच होतो ना मी."

उजवीकडे पिळल्यावर 'कट्' असा आवाज आला. अर्धा फेरा.

प्लायरने चावलेलं टोक हॅक्सॉच्या पात्याने कापलं, नाहीतर ते पट्टीत अडकलं असतं. समोरून स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला ग्राइंडिंग पेस्ट लावली. ती रेतीसारखी खरखरीत असते, म्हणून गुळगुळीत खाचेतही पकड येते. तळहाताचा सगळा भार देऊन मी स्वतः फिरवला. स्क्रू बाहेर आला. आत फिल्टर उशीसारखा फुगला होता.

फडक्याखाली उष्णतेने 'प्र'ची सोनेरी कड मात्र थोडी उडाली. तिने पाहण्याआधी मीच दाखवली.

"राहू द्या, मॅडम. बाबा असते तं आधी माह्यावरच चिडले असते."

मालकांना स्क्रू टेबलावर ठेवून दाखवला. ते म्हणाले, "जेवून घ्या आता." त्यांच्याकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं. उस्मानभाईंनी मात्र महिनाभर प्रत्येक गिऱ्हाइकाला घड्याळाचं कोडं घातलं, स्वतःचं म्हणून.

शिकण्यासारखं थोडंच आहे. वस्तू अडली की जोर वाढवण्याआधी तिला दुसरं टोक आहे का बघावं. आणि ती कोणी अडकवली ते विचारावं. बहुतेक वेळा ज्याला ती सर्वांत प्रिय असते त्यानेच अडकवलेली असते.

या दिवाळीत प्रज्ञा घरी येऊन गेली. गाडीचं इंजिन आता दुसरं आहे, टायर दुसरे, सीटही दुसरी. उजवं पॅनल तेच आहे.