काकाजींच्या कॉफीचं कापड

पवनीत कॉफी पिणारे लोक थोडेफार असतीलही, पण कॉफी पिऊन झाल्यावर मागे काय उरलं याची काळजी करत बसणारा माणूस आमच्या घरमालकांखेरीज साऱ्या भंडारा जिल्ह्यात दुसरा नसेल. गोंदिया वेगळा झाला त्याला बरीच वर्षं झाली, पण या बाबतीत मी गोंदियाही धरूनच बोलते आहे.

शाळेत नोकरी लागून मी पवनीला गेले तेव्हा त्यांच्या घराच्या मागच्या दोन खोल्या मला मिळाल्या. सारी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. काकाजी विणकर. तरुणपणी कसल्याशा प्रशिक्षणासाठी सहा महिने दक्षिणेत राहिले आणि नवीन नक्षी शिकून यायच्याऐवजी कॉफी शिकून आले, असं काकू म्हणत. काकूंच्या मते कॉफी म्हणजे जळलेल्या चिंचोक्यांचं पाणी. काकाजी मात्र सकाळी एक आणि दुपारी एक कप अशा भक्तिभावाने घेत, की त्या वेळी दारात आलेला माणूस हलक्या आवाजात बोलायचा. दुसरी भक्ती म्हणजे, त्यांच्याच्याने काही फेकवत नसे. दुधाच्या पिशव्या धुऊन ते दोरीवर इतक्या शिस्तीत वाळत घालत, की पहिल्या दिवशी मला वाटलं घरात तान्हं बाळ आहे. लग्नपत्रिका आली की आधी तिची कोरी बाजू बघत, मग लग्न कोणाचं ते. कॉफीचा चोथा पेरूच्या झाडाला जाई, आणि त्या पेरूंना कॉफीची चव येते हे त्यांनी मला तीन मोसम पटवून पाहिलं. मला काही ती लागली नाही, पण पेरू मी नाकारले नाहीत.

मी गेले तेव्हा त्यांचा माग बंद होता. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसणं जमत नाही, असं ते सांगत. काकू मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, “गुडघा कवाच बरा झाला, बाई. मन बसून गेलं त्याहीचं. गल्लीतले सारे माग बंद पडले, आता एकट्यानं कोणासाठी विनावं म्हणते.” तीन वर्षं तो माग जुन्या चादरींखाली झाकलेला होता, आणि त्याच्यावर पापड वाळत.

अशात पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने बापासाठी हौसेने कॉफीचं यंत्र पाठवलं. लहानशी डबी आत घालायची, बटण दाबायचं, की फेसाळ कॉफी तयार. पहिले तीन दिवस काकाजी खूश. गल्लीतला प्रत्येक माणूस ती कॉफी पिऊन गेला. चौथ्या दिवशी मी शाळेतून आले, तर ते ओसरीवर सुपात रिकाम्या डब्यांचा ढीग घेऊन बसलेले. एक डबी त्यांनी कात्रीने उभी कापली होती. वर पत्रा, आत प्लास्टिक, त्याच्या आत जाळी.

“बाई, पाहा,” ते म्हणाले, “एका कपाच्या कॉफीले किती कपडे घातले. नवरीलेही एवढे नाई घालत.”

काकाजी डब्या पोत्यात भरून भंगारवाल्याकडे गेले. भंगारवाला डबी उलटीपालटी करून म्हणाला, “काकाजी, याच्यात पत्राही हाय, प्लास्टिकही हाय, अन् तुमची कॉफीही हाय. मी यातलं काय घेऊ?” मग काकाजींनी डब्यांत मिरचीची रोपं लावली. महिनाभरात गल्लीतल्या प्रत्येक ओसरीवर मिरची डोलू लागली, माझ्या खिडकीत पाच. तरी डब्या उरल्याच. शेवटी त्यांनी यंत्र पुसलं, खोक्यात घातलं आणि कपाटावर ठेवून दिलं.

पण मुलीला सांगायचं कसं? दर रविवारी ती व्हिडिओवर दिसे आणि विचारी, “बाबा, मशीन चालते ना?” आयुष्यात कोणाशी खोटं न बोललेला हा माणूस कप कॅमेऱ्यापुढे धरून म्हणे, “चालते, चालते,” आणि नंतर कपाटावरच्या खोक्याची धूळ पुसून येई.

त्यानंतर सुरू झाला तो गाळणीचा शोध. जुना पितळी फिल्टर झिजून त्याची भोकं वाटाण्याएवढी झाली होती. मी नागपूरहून कागदी गाळण्या आणल्या. त्यांनी कागद उजेडात धरून वाखाणला आणि विचारलं, “पण एकदा वापरून फेकाचा कायले?” तो त्यांनी धुतला, वाळवला, पुन्हा वापरला. चौथ्या धुण्याला बिचारा विरघळला. स्टीलच्या गाळणीतून भुकटी जिभेवर येई. काकूंच्या जुन्या लुगड्यातून कॉफी गाळली, तर साबणाचा वास आला आणि काकूंची बोलणीही बसली. एके दिवशी ते लुगड्याचा तो तुकडा बोटांत चोळत बसले. मग म्हणाले, “कापड चुकून राहिलं, बाई. कॉफीसाठी विनलेलंच नाई ते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वह्या तपासत होते आणि आतून खट्‌ खट्‌ असा आवाज आला. थांबला, पुन्हा आला. मी उठून गेले. स्वयंपाकघराच्या दारात काकू हातात उलथनं घेऊन उभ्या होत्या, तव्यावरची भाकर करपत होती. पापड खाली ठेवलेले, चादरी बाजूला, आणि काकाजी मागावर बसलेले. धोटा इकडून तिकडे अडखळत जात होता. काकू आत गेल्या, एक उशी आणून त्यांच्या गुडघ्याखाली सरकवली आणि परत येऊन करपलेली भाकर स्वतःच्या ताटात वाढून घेतली.

पहिलं कापड इतकं घट्ट झालं की एक कप गळेपर्यंत पेपर वाचून संपला. दुसरं बरं होतं, पण सुताला लावलेली खळ धुवायची राहिली, आणि आम्ही कॉफीच्या रंगाची पेज प्यालो. काकाजींनी तीही संपवली. तिसरं जमलं. शुभ्र सुती, हाताएवढं. वरून उकळतं पाणी ओतलं की खाली काळी, नितळ धार. चोथा पेरूला गेला, कापड धुऊन दोरीवर. मागे काहीच उरलं नाही. काकाजी रिकाम्या ओट्याकडे असे बघत राहिले, जणू तिथे काहीतरी मांडलेलं आहे.

दिवाळीला मुलगी आली आणि पहिल्याच सकाळी तिला कपाटावरचं खोकं दिसलं. मी फराळाचं ताट घेऊन आले होते, तशीच दारात अडकले.

“तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, बाबा?”

“बोललो,” काकाजी म्हणाले. “तू हौसेनं पाठवलं. तुले वाईट वाटन म्हणून.”

“मग वापरत काहून नाही?”

त्यांनी उरलेल्या डब्यांचं पोतं आणून तिच्यापुढे ठेवलं. मग तिला चुलीजवळ बसवून कापडातून कॉफी गाळून दिली. ती एकेक घोट घेत राहिली. कप अर्धा झाल्यावर तिने ते ओलं कापड उचललं, बोटांनी चाचपलं आणि विचारलं, “हे कोणी विणलं?”

“मीच.”

“मागावर बसलात?”

काकाजींनी मान हलवली. मुलीने कप खाली ठेवला आणि पदर नव्हता म्हणून डोळ्याला ओढणी लावली. काकू म्हणाल्या, “तुह्या मशीननं एवढं केलं, माय. मी तीन वर्स सांगून राहिली होती, माह्यानं झालं नाई.”

मुलगी परत गेली ती वीस कापडं घेऊन. पुढे तिच्या ओळखीचे आणखी लोक मागू लागले, आणि माग रोज सकाळी चालू राहिला. यंत्र पुन्हा चालू झालं नाही, पण त्याबद्दल कोणी विचारलंही नाही.

पुढे माझी बदली तुमसरकडे झाली. गेल्या वर्षी सवड काढून पवनीला गेले. काकाजी थकले आहेत, आणि डॉक्टरांनी कॉफी बंद केली आहे. तरी मला बघताच उठले. नको नको म्हणत असताना पाणी उकळलं, कापड ताणून धरलं, धार सुरू होताच किंचित पुढे वाकले आणि वाफ छातीभर ओढून घेतली. मग कप माझ्या हातात देऊन समोर बसले.

“कशी झाली, बाई?”

“छान झाली, काकाजी.”

“घाई नोका करू,” ते म्हणाले. “सावकाश प्या.”

माझी बस निघायला थोडाच वेळ होता. मी ती जाऊ दिली आणि ते बघत होते तोवर कॉफी घोटघोट पुरवून पीत राहिले.